वाटणीत आलेली मोटारगाडी

गोव्यातील वारसाहक्काच्या कामात ज्यांनी कधी पाऊल टाकले असेल त्यांना ‘इन्व्हेंतार’ हा शब्द समजावून सांगण्याचे कारण नाही. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी मात्र चार ओळी खर्च केल्या पाहिजेत. मृताच्या मालमत्तेतील लहानमोठ्या प्रत्येक वस्तूची यादी व्हायची, तिची किंमत ठरायची, आणि जी वस्तू तोडून वाटता येत नाही तिच्यासाठी वारसांनी आपसांत बोली लावायची, अशी ही पोर्तुगीज अमदानीतली रीत आहे. 2012 च्या गोव्याच्या कायद्यानेही ती कायम ठेवली. वकिलीच्या धंद्यात अशा याद्या आम्ही पुष्कळ चाळल्या. पण स्वतः वारस होऊन बसण्याचा प्रसंग धाकट्या काकांच्या निधनानंतर प्रथमच आला. तांब्याचा हंडा, दोन समया, शिवणयंत्र, आरामखुर्ची अशी यादी वाचता वाचता सतराव्या कलमापाशी आम्ही थबकलो. ‘पुठ्ठ्याची पेटी एक, आत प्लॅस्टिकचे खेळणे, मोडके, किंमत रुपये शंभर.’

खेळणे मोडके नव्हते. ते अद्याप जोडलेलेच नव्हते.

काका मार्मगोवा बंदरात एका खनिज-व्यापाऱ्याकडे कारकून होते. मांडवी-जुवारीतून बार्जी लोहखनिज घेऊन येत आणि जपानी बोटी ते घेऊन जात. आपली तांबडी माती तिकडे जाऊन पोलाद होई. त्या व्यवहारात एका जपानी खलाशाने काकांना ही पेटी दिली, एवढेच घरात ठाऊक होते. पेटीवर चित्र होते ते होंडाच्या ‘आरए 273’ या शर्यतीच्या गाडीचे: हस्तिदंती पांढरा रंग, पुढे तांबडा सूर्यबिंबाचा ठिपका. शिझुओका येथील तामिया या कारखान्याने तिची 1/12 प्रमाणाची, विजेवर धावणारी प्रतिकृती 1967 साली बाजारात आणली. एका फुटाला एक इंच, असे हे प्रमाण. जुळलेली गाडी फूटभराहून किंचित लांब भरते.

मूळ गाडीचे चरित्र फारसे यशस्वी नव्हे, आणि म्हणूनच आम्हाला ती आवडते. 1965 मध्ये मेक्सिकोत रिची गिंथरने होंडाला पहिला विजय मिळवून दिला, तो आधीच्या दीड लिटरच्या गाडीने. पुढल्या वर्षी नियम बदलले, इंजिने तीन लिटरची झाली, आणि होंडाने बारा सिलिंडरांचे एक अवाढव्य इंजिन बांधले. नियमाने किमान वजन 500 किलो. ही गाडी 740 च्या आसपास! मोंझाला तिच्या पहिल्याच शर्यतीत गिंथरला अपघात झाला. 1967 च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत जॉन सर्टीसने तिला तिसऱ्या क्रमांकावर आणले, हे तिचे मोठे यश. पण इंजिनाच्या पाठीवरून निघणाऱ्या पांढऱ्या नळ्यांचे ते जाळे पाहिले की गुंतलेल्या वडाच्या पारंब्या आठवतात. अशी गाडी हरली तरी पाहणाऱ्याच्या मनात राहते.

शिझुओकाविषयी एक गोष्ट देवळांच्या परिसरात वाढलेल्या आमच्या वाचकांना रुचेल. तेथील सेंगेन देवस्थानाच्या बांधकामासाठी तोकुगावा राजवटीत सुतार, लाखकाम करणारे, रंगारी असे कारागीर जमले. त्यांतले कित्येक काम संपल्यावर तेथेच राहिले आणि गावाला लाकूडकामाची परंपरा लाभली, असे सांगतात. तामियाचा धंदाही 1946 साली लाकडापासूनच सुरू झाला. लाकडी प्रतिकृतींवरून ते प्लॅस्टिककडे वळले ते 1960 मध्ये, ‘यामातो’ या युद्धनौकेने. त्यानंतर लवकरच काढलेल्या पँथर रणगाड्याची कथा तर मासलेवाईक आहे. आत मोटार आणि दोन सेल बसतील एवढे त्याचे पोट ठेवले, मागाहून प्रमाण मोजले तर ते 1/35 निघाले. आणि जगभरच्या रणगाड्यांच्या प्रतिकृती आजतागायत त्याच विचित्र प्रमाणात निघतात. कायद्यातही पुष्कळ नियम असेच जन्मले आहेत.

असो. पेटीची खरी किंमत प्रथम आम्हाला कळली. अशा न जोडलेल्या जुन्या पेट्यांना, आतल्या पिशव्या बंद असतील तर, परदेशांत हौशी गिऱ्हाईक आहे आणि ते शंभराच्या कितीतरी पट दाम मोजते. ही माहिती पोटात ठेवून बोली लावणे फसवणुकीच्या व्याख्येत बसते की नाही यावर तासभर युक्तिवाद करता येईल. तो आम्ही स्वतःशी करत बसलो नाही. बहिणीला आणि दोघा आतेभावांना सांगून टाकले. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. थोरला आतेभाऊ म्हणाला, “पेट उगडूं नाका! आहे तशी विकू, पैसे चौघांत वाटू.” त्याचे म्हणणे असे की काकांनी जवळजवळ अर्धशतक ती तशीच जपली, ती न उघडणे हीच त्यांची इच्छा होती.

इच्छा हा आमच्या धंद्यातला शब्द. मृताची इच्छा कोणी सांगावी आणि कशावरून? झाकण उचलून आत पाहिले. झाकणाच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेले दोन सेल होते, क्षार फुटून पांढरे झालेले. शेजारी डिंकाची एक नळी, आतून दगड झालेली. कागदाच्या तुकड्यावर 1974 ची तारीख होती. पेटी नुसती जपून ठेवायची असती तर मनुष्य सेल कशाला आणील? काकांना ही गाडी जोडायची होती, आणि धावताना पाहायची होती. त्या वर्षी काकू आजारी पडल्या, एवढे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. आतेभाऊ काही बोलला नाही. पण बोलीत त्याने आम्हाला सोडले नाही. पेटी आमच्या नावावर झाली तेव्हा तिच्या किमतीत एक चांगले कपाट आले असते. चौघांत रक्कम वाटली गेली. कुटुंबात त्याबद्दल आजही दोन मते आहेत.

जोडकामाला पावसाळ्याचे दोन महिने लागले. सुटे भाग प्लॅस्टिकच्या फांद्यांना फण्यातील केळ्यांप्रमाणे लटकलेले असतात. एकेक कापायचा, कानशीने तासायचा, चित्रांच्या आज्ञेबरहुकूम जोडायचा. आमची कन्या चित्रे वाचून दाखवी. जोडणारे द्रव्य म्हणजे डिंक नव्हे, हे तिला समजावताना मौज वाटली. डिंक दोन वस्तूंमध्ये तिसरा होऊन राहतो. हे द्रावण दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक विरघळवते, आपण उडून जाते आणि मागे एकच वस्तू उरते. गोव्यातल्या विवाहाने नवराबायकोची मालमत्ता जशी एक होते, तशीच ही सोयरीक. काडीमोडात दोन्ही बाजूंचे नुकसान ठरलेले!

काळाने आपले कर वसूल केले होतेच. आर्द्र हवेत एक पिशवी फाटून मऊ टायर एका पांढऱ्या भागावर टेकला होता, आणि टायरातील तेलकट द्रव्याने त्या प्लॅस्टिकला खोल वळ पाडला होता. दोष कारखान्याचा नव्हे. दोन वेगळ्या जातीची प्लॅस्टिके वर्षानुवर्षे एकमेकांना टेकून राहिली की असेच व्हायचे. वळ लांबी भरून घासला. आणि पुढे तसे होऊ नये म्हणून टायर व चाक यांच्यामध्ये चांदीसारख्या कागदाची पट्टी घातली. पाण्यात भिजवून चिकटवायची आकड्यांची चित्रे पिवळी पडली होती. पावसाने उघडीप दिली तेव्हा ती काचेला लावून उन्हात ठेवली, आठवड्याने बरीच उजळली. पाण्यात तुकडे होऊ नयेत म्हणून आधी वर पारदर्शक वार्निशाचा हात दिला. वीज वाहून नेणाऱ्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, त्यांना समयीचाच उपचार: चिंचेचा कोळ.

राहिली विद्युत्मोटार. (आपल्या भाषेत गाडीलाही मोटार म्हणतात आणि तिच्या पोटातल्या यंत्रालाही, या लेखात त्यामुळे आमची फार अडचण झाली.) जपानात माबुची केनिची यांनी 1947 साली घोड्याच्या नालाच्या आकाराचे चुंबक वापरून छोटी मोटार केली, तेव्हापासून खेळण्यांतल्या चावीच्या कमानी हळूहळू मागे पडल्या. चुंबकाच्या मध्ये तारेची वेटोळी. वीज आली की वेटोळे चुंबक होऊन वळते, आणि ते ज्या क्षणी थांबायचे त्याच क्षणी दुपाखी कळ वीज उलटी करून त्याला पुढे ढकलते. आमच्या पेटीतल्या मोटारीचे वंगण मेणासारखे घट्ट झाले होते. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला, अक्ष हातानेच शंभरदा फिरवला. पाते हलले.

या मोटारीपायीच शोभेचे रसिक अशा जुन्या संचांना नावे ठेवतात. सेल आणि मोटार यांना जागा करून देताना खऱ्या गाडीचा आतला भाग थोडाबहुत खोटा करावा लागतो. म्हणून पुढे मोटारीवाचूनच्या, दिसायला अधिक प्रामाणिक आवृत्त्या निघाल्या. आम्हाला हे प्रामाण्य अपुरे वाटते. गाडीची प्रतिकृती नळीनळीत हुबेहूब आहे आणि जागची हलत नाही, ही साक्ष तपशिलात बिनचूक असूनही मुख्य मुद्द्यावर मूक. उलट ही खोट्या पोटाची गाडी मुख्य मुद्द्यावर बोलते.

गणपतीच्या आदल्या रविवारी बहीण आणि दोन्ही आतेभाऊ आले होते. ओसरीवर गाडी ठेवली, कळ दाबली. घरघर अशी नव्हे, शिवणयंत्रासारखी बारीक कुरकुर झाली आणि गाडी निघाली; फार वेगाने नव्हे, चालत्या माणसाएवढी. किंचित डावीकडे ओढ होती. ओसरीच्या टोकाला थोरल्या आतेभावाने पायरीवरून पडू नये म्हणून तळहात आडवा धरला, ती त्याच्या बोटांना लागून चाके फिरवत राहिली. त्याने ती उचलली, उलटी करून पाहिली, कळ बंद करण्याची जागा त्याला सापडेना; कन्येने दाखवली. मग तोंड आमच्याकडे वळवून त्याने ती स्वतःच पुन्हा जमिनीवर ठेवली.