कणा नसलेल्यांचा माळ

सोलापूरजवळच्या नान्नजची ओळख माळढोकाने घडवली. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या माळरानांवर १९७९ मध्ये या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. मृगाच्या सरींनी कुसळी गवत हिरवे झाले की नाकतोडे आणि भुंगे उदंड होतात, आणि त्याच दिवसांत माळढोकाची वीण येते. एवढा भारदस्त पक्षी, पण त्याचा संसार चालतो या किड्यांच्या जिवावर. माळाच्या या खऱ्या बहुसंख्य रहिवाशांना प्राणिशास्त्र एकाच नावाखाली ठेवते: अपृष्ठवंशी, पाठीचा कणा नसलेले. जे नाही त्यावरून पडलेले हे नाव सोयीचे आहे. पण त्यापाशी थांबणारा माणूस माळ ओळखतो असे म्हणता येणार नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याच्याकडे १७९३ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात कीटक आणि कृमींचे अध्यापन आले. दुर्लक्षित जिवांची ती अडगळ त्याने निगुतीने लावली आणि १८०१ मध्ये कणा नसलेल्या प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. उपेक्षितांना त्याने अभ्यासाचा मान दिला, हे त्याचे ऋण मोठे. मात्र आज ज्ञात असलेल्या प्राणिजातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जाती या एका नावात कोंबल्या आहेत. विंचू, गांडूळ, गोगलगाय यांना कणा नाही, म्हणून ते एका कुळातले ठरत नाहीत. समुद्रातला तारामासा तर वंशाने नाकतोड्यापेक्षा माणसाला जवळचा आहे.

कोणी म्हणेल, शाळेत शिकवायला एक ढोबळ नाव हवेच. हवे, पण तो अभ्यासाचा उंबरठा आहे, घर नव्हे. दुसरा आक्षेप शेताच्या बांधावरून येतो: हे जीव पिकाचे वैरी, त्यांचे कौतुक कशाला? ज्वारीची खोडमाशी कोवळ्या रोपाची पोंगेमर करते, सुरसा अळी डाळिंब पोखरते, हे नुकसान खरेच आहे. पण सगळ्यांना सरसकट कीड समजून बहारात फवारा मारला, तर फुलांवरच्या मधमाश्या मरतात आणि फळधारणेला फटका बसतो. खोडकिड्याच्या अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामाची इवलीशी गांधीलमाशीही त्यात जाते. म्हणजे शत्रूला ओळखायचे, तरी आधी प्रत्येकाला वेगळे पाहावे लागते. म्हणून सोलापूरच्या शाळांनी मुलांना माळढोक जरूर दाखवावा, आणि त्याच माळावर वाकून नाकतोडा, शेणकिडा, वाळवी, गांडूळ यांचीही नावानिशी ओळख करून द्यावी.