ढोकीहून मोडनिंबला, एका बैठकीसाठी

माझा भाचा पुण्यात शिकला आणि आता नोकरीलाही तिथेच आहे. कोरेगाव पार्कातल्या कुठल्या क्लबात शनिवारी किती वाजता गेलं की रांग लागत नाही, कुठे जोडीनं आल्याशिवाय आत सोडत नाहीत, हे त्याला तोंडपाठ. दिवाळीत ढोकीला आला आणि जेवणं उरकल्यावर अंगणात पाय पसरून म्हणाला, "मामा, तुमच्याकडं नाईटलाईफ असं काही नाहीच का?" ढोकीत रात्री नऊला शटर पडतात. तेरणा कारखाना जोरात होता तेव्हा हंगामात उसाच्या बैलगाड्यांची रांग रात्रभर पुढं सरकत असायची, तेवढीच आमची रातची वर्दळ. पण त्याचं बोलणं मला लागलं. म्हटलं, "आहे. उद्या मोडनिंबला चल." मोडनिंब म्हटल्याबरोबर आत बायकोनं पातेलं जरा जोरात आपटलं.

मोडनिंब सोलापूर जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातलं गाव. पुणे-सोलापूर हमरस्त्यावर आहे, तसंच आमच्या लातूर-मिरज लोहमार्गावरही. ही लाईन म्हणजे जुनी बार्शी लाईट रेल्वे. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी एवढीच सुरू झाली, तीही अडीच फुटी रुळांवर. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज व्हायला २००८ साल उजाडलं. त्या छोट्या गाडीत एका बाकावर टाळ-मृदंग आणि समोरच्या बाकावर ढोलकी-पेटी असायची, असं माझे आजोबा सांगत. वारकरी पंढरपूरला जायचे, संगीत बारीच्या पार्ट्या मोडनिंबला उतरायच्या, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आम्ही दुपारची गाडी धरली. धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी मागं पडलं आणि मोडनिंबला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं.

नवख्या माणसाला आधी हे माहीत हवं की संगीत बारी आणि ढोलकीफडाचा तमाशा या दोन वेगळ्या गोष्टी. फड गावोगाव फिरतो, तंबू ठोकतो, त्यात गणगौळण, बतावणी, वग असतो. जत्रांच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांमध्ये ठरतात. बारी मात्र एका जागी मुक्काम करते. त्या जागेला पूर्वी थिएटर म्हणत, आता पाटीवर 'कला केंद्र' असतं. पुण्याचं आर्यभूषण, दौंडजवळचं चौफुला, जामखेड, मोडनिंब ही ठिकाणं त्यासाठी प्रसिद्ध, आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यात येरमाळ्याजवळ चोराखळीलाही केंद्रं आहेत. एका केंद्रात अनेक पार्ट्या राहतात. प्रत्येक पार्टीची एक मालकीण, तिच्या हाताखाली नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली, आणि ढोलकी, तबला, पेटी वाजवणारे. संध्याकाळी तिकीट काढून लोक बसतात, पार्ट्या आळीपाळीनं मंचावर येतात. जी आवडेल तिची खासगी बैठक खोलीत ठरवायची, पैसे आधी बोलून. त्यातला काही वाटा केंद्राच्या मालकाला, उरलेला पार्टीत वाटला जातो.

मंचावरचा कार्यक्रम पाहून भाचा हिरमुसला. बहुतेक मुली 'नटरंग'मधल्या गाण्यांवर नाचत होत्या, तीही स्पीकरवर लावलेली. ढोलकीवाला मांडीवर ढोलकी घेऊन नुसता बसला होता. "हे तर आमच्याकडं ऑफिसच्या पार्टीतपण होतं," भाचा म्हणाला. खरं होतं. डीजे आल्यापासून निम्म्या वाजवणाऱ्यांच्या पोटावर पाय आलाय, आणि त्याला गिऱ्हाईकच जबाबदार आहे असं माझं स्पष्ट मत.

बैठकीच्या खोलीत गादी, तक्क्या आणि ट्यूबलाईट. भाच्यानं बसल्या बसल्या 'अप्सरा आली'ची फर्माईश केली. मालकीणबाई पन्नाशीच्या. हसून म्हणाल्या, "ते पण करू की, दादा. आधी एक जुनी ऐकता का?" आणि त्या उभ्या न राहता खाली बसल्याच. नऊवारीचा घोळ पुढं घेतला, पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि एकच ओळ घोळवायला लागल्या. पहिल्यांदा रुसून, मग आर्जवानं, मग टोमण्यानं, मग अगदी पाठ फिरवून नुसत्या मानेनं. दहा मिनिटं ती एक ओळ संपत नव्हती. ढोलकीवाल्याच्या अंगात आता जीव आला होता. बाई भुवई उचलायच्या तिथं बरोबर त्याची थाप पडायची. याला अदाकारी म्हणतात. पंढरपूरच्या सत्यभामाबाई आणि वाईच्या यमुनाबाई वाईकर याच बैठकीच्या लावणीसाठी नावाजल्या. यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली. क्लबातला डीजे कोण आलंय, कोण गेलंय हे बघत नाही. इथं बाई समोरच्याच्या तोंडाकडं बघून ठरवतात की याला काय झेपेल. भाच्याची फर्माईश राहूनच गेली, आणि त्यानं ती पुन्हा काढली नाही.

पण हे सगळं गुलाबी नाही. या बायका बहुतांशी कोल्हाटी, कळवात, डोंबारी अशा समाजांतल्या; घर त्यांच्या कमाईवर चालतं आणि लग्नाचा मान त्यांना मिळत नाही. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं, ते वाचून मग बैठकीला बसलेलं बरं. अलीकडे अनेक केंद्रांच्या नावाला काळिमा लागलाय आणि परवाने रद्द झाल्याच्या बातम्या येतात. लोक कला केंद्र आणि मुंबईचा डान्सबार यांची गल्लत करतात. बारवर २००५ साली बंदी आली, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती उठू दिली, २०१६ ला नवा कायदा झाला आणि जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालय म्हणालं की बक्षिसी द्या, पण नोटा उधळू नका. बैठकीत दौलतजादा हातातच द्यायची असते. ज्याला उधळायची हौस आहे त्यानं इकडं फिरकू नये.

बायकांना हे बघता येतं का, हा माझ्या बायकोचा दुसऱ्या दिवशीचा प्रश्न. केंद्रात बाईमाणसाला अवघडल्यासारखं होतं, ते खोटं कशाला सांगू? पण पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत खास महिलांसाठी लावणीचे प्रयोग होतात. भूषण कोरगावकर यांनी 'संगीत बारी' हे पुस्तक लिहिलं, आणि त्यावरून सावित्री मेधातुल यांच्यासोबत त्याच नावाचा कार्यक्रम केला. त्यात शकुंतलाबाई नगरकर यांची अदा सहकुटुंब बघावी अशी.

तुम्ही मोडनिंबला गेलात तर पिऊन जाऊ नका, फोन खिशात ठेवा आणि विचारल्याशिवाय चित्रण करू नका. पैसे आधी ठरवा, नंतर घासाघीस नको. स्पीकर बंद करायला सांगून बसून केलेली जुनी लावणी मागा, आणि निघताना ढोलकीवाल्याच्या हातावर वेगळी नोट ठेवायला विसरू नका.