निफाडची थंडी आणि वन्संचं आभाळ

दिवाळीचा फराळ संपला, तुळशीचं लग्न लागलं, की आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो. "यंदा थंडी पडणार की नाही?" माळ्यावरचं गोधड्यांचं गाठोडं आजच काढायचं की आणखी आठ दिवस राहू द्यायचं, यावर नवराबायकोची थोडी बोलाचालीही होते. मग कुणीतरी बातम्या लावतं. "येत्या आठवड्यात हवामान मुख्यतः कोरडे राहील. तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता." झालं! "म्हणजे पडला तर पडेल, नाही तर नाही," असं म्हणून आपण हसतो आणि कुकर लावायला उठतो.

मैत्रिणींनो, मीही अशीच हसत असे. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस चार दिवस वन्संकडे, निफाड तालुक्यात, राहून आले आणि तेव्हापासून ते हसू जरा आटलंय.

कल्याणला गाडीत बसलो तेव्हा पंखे गरगरत होते. कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला आली, तशी मुलांनी आपणहून खिडक्या ओढून घेतल्या. नाशिक मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू झाले. निफाडला उतरताना पदर कानावरून घट्ट ओढून घ्यावा लागला. हिवाळ्यात "राज्यात सर्वात कमी तापमान निफाडला" अशी बातमी आपण वाचतो ना, ते तापमान तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजतात. काही हिवाळ्यांत तिथला पारा ५ अंशांच्याही खाली गेलाय.

"इतकी का हो थंडी इथे?" मी विचारलं. उत्तर दिलं वन्संच्या यजमानांनी. तिकडे हिमालयात बर्फ पडून गेलं, की उत्तरेचं गार, कोरडं वारं खाली सरकतं. आभाळ निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब सरळ वर सोडून देते. ढग म्हणजे जमिनीची गोधडी. ती नसली की पहाटे हुडहुडी ठरलेली. म्हणूनच तिथे दुपारी ऊन चटचट लागतं आणि पहाटे हात पाण्यात घालवत नाही.

पहिल्या दिवशी आमची चंगळ होती. चुलीवरची बाजरीची भाकरी, लसणीची चटणी, मेथीची भाजी. दुसऱ्या दिवशी पहाटे नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे जुना बंधारा आहे. त्या पाण्यावर थंडीत दूरदेशीचे पक्षी उतरतात. २०२० साली या जागेला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातलं ते पहिलंच. पाण्यावर धुकं, धुक्यात बदकांची कलकल आणि हातात वाफाळता चहा! तुम्ही गेलात तर पहाटेच जा, आणि शाल विसरू नका.

तिसऱ्या रात्री मात्र गंमत झाली. थंडी एकदम कमी झाली. मी पांघरूण बाजूला सारून सकाळी म्हटलं, "वन्सं, काल झोप किती छान लागली! हवा कशी उबदार होती." त्या अंगणात उभ्या राहून वर पाहत होत्या. "वहिनी, तुम्हाला झोप लागली. इथे कुणी डोळा मिटला नाही. वारं पूर्वेचं आलंय. आभाळ भरतंय."

मग त्यांनी मला बाग दाखवली. ऑक्टोबरात छाटणी केलेल्या वेली फुलोऱ्यात होत्या, काही घडांवर बाजरीएवढे मणी धरले होते. या दिवसांत पाऊस झाला तर फुलं गळतात, घड कुजतात, आणि नुसतं ढगाळ, दमट राहिलं तरी डावणी आणि भुरी हे रोग उठतात. औषधाची फवारणी करावी लागते आणि खर्च चढत जातो. बरं, कडाक्याची थंडी पडली तर सगळं छान का? तेही नाही. गव्हा-हरभऱ्याला ती हवी असते, पण तयार होत आलेले द्राक्षाचे मणी थंडीने तडकतात. मग शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतात. एकाच घरात गव्हासाठी थंडी मागायची आणि बागेसाठी नको म्हणायची!

बोलता बोलता त्या २०२३ सालाबद्दल बोलल्या. २६ नोव्हेंबर, रविवार. तुळशीची लग्नं आटोपत आली होती. हवामान खात्याने अवकाळीचा इशारा दिला होता. दुपारनंतर काळोखून आलं आणि नाशिक जिल्ह्यात पावसाबरोबर गारा कोसळल्या. वन्संच्या बागेतली पानं चाळणीसारखी झाली, घड खाली पडले. "पलीकडच्या शिवारात गार नव्हती," त्या म्हणाल्या. "तिकडे नुसता शिडकावा. आमच्यावरच आली. त्या वर्षी धाकटीचं लग्न पुढं ढकललं." एवढंच बोलून त्या पडलेलं पान उचलायला वाकल्या.

परत आल्यावर मी ते ‘तुरळक’ प्रकरण नीट समजून घेतलं. तुम्हालाही सांगते, कारण आपण बातमीला उगाच नावं ठेवतो. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर २५ टक्के ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे साधारण निम्म्यापर्यंत. त्यामुळे आपल्या गच्चीत थेंब पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारात पडलेला असतो. रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

घरच्या घरीही आठवड्याचा थोडा अंदाज बांधता येतो. खोबरेल तेल थिजू लागलं की घरातला पारा चोविसाच्या आसपास आला समजा. किमान तापमान रोज थोडं उतरतंय आणि आभाळ स्वच्छ आहे, तर गोधड्यांना ऊन दाखवून घ्या, विरजण रात्री उबेला ठेवा. नोव्हेंबरात रात्र अचानक उबदार झाली, तर मात्र ढग येताहेत असं धरा आणि वाळवणं, भाजणीचं धान्य गच्चीवर टाकू नका.

आमच्या निघण्याच्या दिवशी वारं पुन्हा उत्तरेचं झालं. ढग न बरसताच पांगले. स्टेशनवर वन्सं शालीत गुरफटून उभ्या होत्या, दातावर दात आपटत होते आणि चेहरा हसरा होता. "पडू दे थंडी, थोडी पडू दे," म्हणत होत्या.

आता संध्याकाळच्या बातम्यांत "उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी" एवढे शब्द आले, की मी कणीक तशीच ठेवून फोन उचलते. "वन्सं, वारं कुठलं आहे?" पलीकडून "उत्तरेचं!" असं आलं, की मगच पोळ्या लाटायला घेते.