मोगऱ्याची अंघोळ

वंशपरंपरेने कुणाला वाडा मिळतो, कुणाला मधुमेह. आमच्या घराण्यात बागकामाची आवड चालत आलेली आहे. ही आवड कोकणात असती तर तिला छंद म्हटलं असतं. सोलापुरात तिला हट्ट म्हणतात. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात. महाबळेश्वर याच्या दसपट पाऊस एका पावसाळ्यात दऱ्यांतून सांडून देतं! आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनीदेखील बाराव्या शतकात इथे तळं खणलं. तेव्हा सोलापूरचा माळी हा आधी हिशेबनीस असतो आणि उरलेल्या वेळात माळी.

आमचे आजोबा या हिशेबात पक्के. १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात आजोबांनी अंगणातल्या मोगऱ्याच्या आळ्यात पाट मांडला आणि तिथेच अंघोळ सुरू केली. पाणी मोजून तीन तांबे. साबण बंद, मोगऱ्याला सोसत नाही म्हणून डाळीचं पीठ.

आजी म्हणे, "अहो, अंघोळ तुम्ही करताय की मोगरा?"

"दोघंही. पण पहिला नंबर त्याचा."

मोगरा जगला. मग अक्षय्य तृतीयेला आणलेला कोरा माठ आजोबांनी जास्वंदीशेजारी गळ्यापर्यंत पुरला. मातीच्या माठातून पाणी झिरपतं, मुळं हवं तेवढंच पितात आणि उन्हाच्या हाती थेंब लागत नाही, हे त्यांचं शास्त्र. "म्हणजे जास्वंदीला माठातलं आणि आम्ही प्यायचं पिंपातलं!" हे आजीचं.

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, काळात १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि पुढे तिथलं पाणी नळाने शहरात आलं. घरातल्यांना वाटलं, आता अण्णा सढळ हाताने झारी फिरवतील. पण नळ काही रोज यायचा नाही, आणि आला असता तरी अण्णांनी मोगऱ्याला रोज पाणी घातलं नसतं. "झाडाला ताण द्यावा लागतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डाळिंबवाल्याला विचारा. बहार धरायचा तर आधी महिना-दीड महिना पाणी तोडतात. झाड पानं गाळतं, आता गेलंच असं वाटतं, आणि पाणी सोडलं की कळ्यांनी भरून येतं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरातच निघालं, ते काही उगाच नाही. अण्णा हा नियम थंडीत मोगऱ्याला लावत आणि परीक्षेच्या सुमारास मला. मोगऱ्याचा निकाल चांगला लागे.

वाड्याची वाटणी झाली तेव्हा एका पितळी घंगाळ्यावरून दोन काका वर्षभर बोलत नव्हते. मोगऱ्यावरून मात्र शब्दाला शब्द लागला नाही. फांदी वाकवून मातीत दाबायची आणि मुळं फुटली की तोडून न्यायची. चौघा भावांनी चार कलमं नेली आणि मुद्दल जागच्या जागी! बँकेत इतकी वर्षं काढली, पण अशी ठेव दुसरी पाहिली नाही.

पुढे वाडा पडला, त्याबरोबर मूळ झाडही गेलं. आता त्याचा वंशज आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुंडीत बसून तांदळाच्या धुवणावर गुजराण करतो. माझ्यानंतर त्याचं कोण करणार, याची मला धास्ती. आमची कन्या गॅलरीत येई ती मोबाइलला रेंज मिळते म्हणून. झारीला तिने कधी हात लावला नाही. शिकायला पुण्याला गेली तेव्हा सौ. रडली कन्येकडे बघून आणि मी गप्प झालो कुंडीकडे बघून.

गेल्या जानेवारीत तिचा फोन आला. "बाबा, होस्टेलच्या मोगऱ्याला इथे रोज पाइप लावून ठेवतात. नुसती पानं माजलीत. मावशींना सांगून मी पाणी बंद करवलंय. फेब्रुवारीत सोडू ना?"

"सोड," मी म्हटलं. अभ्यासाचं विचारणार होतो, पण घसा बसल्यासारखा झाला.

"आणि बाबा, तोंड धुतलेलं पाणी बादलीत धरलं तर चालेल? फेसवॉशचं असतं."

मी म्हटलं, "डाळीचं पीठ वापर."