मोटर, टाकी आणि आईचे नियम

पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत जायचं. त्याच कात्रजमध्ये आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल, याचा भरवसा नाही. आलं की आधी खालची टाकी भरायची, मग मोटर लावून वर चढवायचं. हे सगळं वर्षानुवर्षं आईने सांभाळलं. पाण्यासाठी तिचं रात्री उठणं मला बघवत नव्हतं.

बाजारातलं तयार यंत्र बसवलं. वरची टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद. पण मध्यरात्री मोटर घरघरली की तळमजल्यावरच्या आजींची झोप मोडते, हे त्याला सांगणार कसं? तशी सोयच नव्हती.

मग नोड-रेड नावाचं सॉफ्टवेअर सापडलं. आयबीएममधल्या निक ओ'लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी २०१३ मध्ये ते तयार केलं. ते मोफत आहे. पडद्यावर चौकोन मांडायचे, रेघांनी जोडायचे, की नियम तयार. पुण्याच्या तपकीर गल्लीतून ईएसपी८२६६ हा छोटा वाय-फाय बोर्ड आणि ओल सोसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणला. टाकीच्या झाकणातून सोडलेली ध्वनिलहर पाण्यावर आपटून किती वेळात परतते, त्यावरून पातळी कळते. बाकी कारभार घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतो, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी अडत नाही. मोटरची जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घेतली. सुरू होताना मोटर जो करंट ओढते, तो बोर्डाच्या छोट्या रिलेला झेपत नाही. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट सोसणारा स्विच, लागतो.

खरी गंमत पुढे आली. आईने पडदा बघितला आणि म्हणाली, "हा चौकोन इथे का? आधी खालच्या टाकीत पाणी आहे का ते बघू दे, नाहीतर मोटर कोरडी फिरेल." तिच्या सांगण्यावरून रेघ हलवली. पुढे तिने स्वतःच हात घातला: रात्री दहा ते पहाटे साडेपाच मोटर बंद, गौरी-गणपतीत पाहुणे असले की वरची टाकी अर्ध्यावर यायच्या आतच भरून घ्यायची. आयुष्यात संगणकाची एक ओळ न लिहिलेल्या बाईने आपल्या घराचा शहाणपणा यंत्राला शिकवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. कोणत्याही कंपनीला हे नियम सुचले नसते.

आता शेजारच्यांनीही आमची मांडणी नेली आहे. तुम्हालाही हवी असेल तर जरूर मागा. टाक्यांची उंची आणि मोटरच्या वेळा तेवढ्या तुमच्या घाला.