दहा फुटांवरची टोपली

मी सेवानिवृत्त झालो, त्या दिवशी कपाट आवरताना एक जाड बांधणीची वही हाती लागली. तिच्या पुठ्ठ्यावर माझ्याच हस्ताक्षरात ‘बास्केटबॉल’ एवढाच शब्द होता. परभणीच्या एका महाविद्यालयात मी छत्तीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो. त्या काळात आमचा संघ जे जे सामने खेळला, त्यांची नोंद मी ह्या वहीत करीत असे : तारीख, गाव, खेळाडूंची नावे आणि गुण. रात्री कंदिलाएवढ्या मंद दिव्याखाली बसून मी हिशेब केला. जिंकलेले सामने ११२ आणि हरलेले १४७. तो आकडा मी घरात मोठ्याने वाचून दाखविला, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “इतके हरूनही तुम्हांला पगार देत होते?”

मला हसू आले. परंतु मन मात्र त्या वहीच्या एका पानाशी जाऊन थांबले. त्या पानाविषयी सांगायचे, तर आरंभ आमच्या मैदानापासूनच केला पाहिजे.

१९६८ सालच्या जून महिन्यात मी परभणीस आलो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात माझे शिक्षण झाले होते. तेथील मैदाने पाहिलेल्या डोळ्यांना हे मैदान पाहून धक्काच बसला. परभणीची जमीन म्हणजे अस्सल काळी. कापसाला आणि ज्वारीला जणू आईच! पण खेळाडूला ती सावत्र. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की, लहान मुलाचा पाय सहज आत जावा. पावसाळ्यात दोन सरी पडल्या की तिचा लोण्यासारखा चिखल होई आणि चार पावले चालताच पायांना मातीचे गोळे चिकटत. ह्या दोहोंच्या मध्ये जे थोडे महिने उरत, त्यांतही ती भुसभुशीतच असे. बास्केटबॉलचा चेंडू तिच्यावर आपटला, तर तो धपकन पडून स्वस्थ राही. जणू कोणी भाकरीचे पीठच परातीत टाकले आहे!

प्राचार्य मोठे उमद्या स्वभावाचे. त्यांनी मला हा खेळ सुरू करण्याची परवानगी दिली. पैसे मात्र जवळजवळ दिले नाहीत. गाडीच्या चाकांना धाव चढविणाऱ्या लोहाराकडून मी लोखंडी सळईची दोन कडी करून घेतली. सुताराने फळ्या जोडून दिल्या. खांब उभे राहिले, फक्कीने रेघा मारल्या, आणि संध्याकाळी मैदानाभोवती मुलांचा घोळका जमला. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड अशा चहूकडच्या भागांतून आलेली ती मुले. हुतूतू, खो-खो आणि लगोरी ह्यांवर वाढलेली. हा शहरी खेळ आपल्याला कसा जमावा, असा संकोच त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होता.

चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे, हा आजच्या बास्केटबॉलचा प्राण. आमच्या मैदानावर तोच अशक्य. मग मी मुलांना वर्गखोल्यांपुढच्या शहाबादी फरशीच्या व्हरांड्यात नेऊ लागलो. तीन दिवस तो धबधब आवाज सहन करून चौथ्या दिवशी संस्कृतचे प्राध्यापक बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले. व्हरांडा सुटला.

त्याच सुमारास ग्रंथालयात मला ह्या खेळाच्या जन्माची हकिकत वाचावयास मिळाली. जेम्स नायस्मिथ हे ह्या खेळाचे जनक. त्यांचा जन्म १८६१ साली कॅनडात झाला. नऊ वर्षांचे असताना आईवडील दोघेही वारले आणि चुलत्यांच्या — की मामांच्या — घरी ते लहानाचे मोठे झाले. नाते कोणतेही असो, पोरकेपण तेच. पुढे ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी व्यायामशिक्षकांच्या शाळेत शिकवू लागले. १८९१ सालचा हिवाळा. बाहेर बर्फ, आत कवायतीला कंटाळलेला अठरा तरुणांचा एक वर्ग. वरिष्ठांनी नायस्मिथांना चौदा दिवसांची मुदत दिली आणि छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधावयास सांगितले.

ह्या माणसाला उत्तर सापडले ते आपल्या बालपणात. त्यांच्या गावची मुले मोठ्या खडकावर एक दगड ठेवीत आणि दुरून दगड मारून तो पाडीत. आपल्या लगोरीचाच हा कोणी दूरचा भाऊ. त्या खेळात जोराने दगड भिरकावणाऱ्यापेक्षा, अलगद कमान करून टाकणाऱ्याचा नेम अधिक साधे, हे त्यांना आठवले. मग लक्ष्य डोक्याच्या वर, आडवे ठेवले तर? धसमुसळेपणा आपोआप थांबेल! त्यांनी शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, त्याने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. सज्जाच्या कठड्याला त्या खिळ्यांनी ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजही जगभर बास्केटबॉलचे कडे दहा फुटांवरच असते. नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले आणि साऱ्या खेळात एकदाच चेंडू टोपलीत पडला. टोपलीला बूड होते, तेव्हा शिडी लावून तो काढावा लागे.

पण मला ज्या ओळीने खुर्चीवरून उठविले, ती त्यांच्या तेरा नियमांपैकी एक होती. ज्या जागी चेंडू हाती येईल, त्या जागेवरूनच तो दुसऱ्याकडे टाकावयाचा. तो घेऊन पळावयाचे नाही. म्हणजे मूळच्या खेळात चेंडू आपटत नेणे नव्हतेच! ते काही वर्षांनी आले. परभणीची काळी जमीन जे आम्हांला करू देत नव्हती, ते नायस्मिथांनाही अभिप्रेत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलांना फक्त फेकणे आणि झेलणे शिकवू लागलो. चेंडू जमिनीला लागला की संघाचा एक गुण वजा. वर्षभरात त्यांच्या हातांना असे वळण लागले की, पाच जणांमध्ये चेंडू फिरू लागला म्हणजे पाहणाऱ्याची मान दुखावी. ह्या फिरत्या चेंडूच्या मध्यभागी नेहमी एक मुलगा असे. जिंतूरच्या रस्त्यावर चार-पाच कोसांवर त्याचे गाव. रोज सायकलने येई. उंच, सावळा, अबोल. त्याला मागे न पाहता मागचा गडी दिसत असे.

१९७० साली मीटरगेजच्या गाडीने आम्ही तेव्हाच्या औरंगाबादला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी गेलो. सिमेंटचे मैदान मुलांनी प्रथमच पाहिले. चेंडू इतका उसळला की ती घाबरलीच. ५८ विरुद्ध १९ असे आम्ही हरलो. १९७२ च्या जानेवारीत त्याच मैदानावर त्याच संघाशी गाठ पडली. आमची मुले चेंडू जमिनीला लावीनात, तेव्हा प्रेक्षक प्रथम हसले. नंतर हसू थांबले. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. परतीच्या गाडीत त्या अबोल मुलाने एक भजन म्हटले आणि सारा डबा ऐकत राहिला.

त्या वर्षी पाऊस आला नाही. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातील जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली. मला मात्र डिसेंबरातील स्पर्धा दिसत होती. तो मुलगा एक दिवस आला नाही, दोन दिवस आला नाही. आठवडा उलटला. निरोप नाही, चिठ्ठी नाही. एका विजयाने मला मोठा मार्गदर्शक केले होते. सर्व मुलांसमोर मी वही उघडली आणि तांबड्या शाईने त्याच्या नावावर रेघ ओढली. “ज्याला संघाची किंमत नाही, त्याची संघाला गरज नाही,” असे काहीसे मी बोललो. मुले खाली पाहत राहिली. त्यांना ठाऊक होते. मी विचारले नव्हते.

आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. परत आल्यावर एका मुलाने धीर करून मला सांगितले, “सर, तो खडी फोडायला जातो.”

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली. रस्त्याच्या दुष्काळी कामावर शेकडो माणसे बसली होती. हातोड्यांचा एकसारखा आवाज येत होता. तो आईच्या शेजारी बसला होता. डोक्याला पंचा, बोटांना चिंध्या. मला पाहताच उभा राहिला. सवयीने ताठ, रांगेत उभा राहावा तसा. मी काय बोलणार? त्याची आई म्हणाली, “मास्तर, पोराला रागं भरू नका. त्याचा बाप अंथरुणाला हाय.” तो मात्र हळूच हसला आणि म्हणाला, “सर, मैदानाला मुरूम लागला तर सांगा. इथं लई आहे.”

त्याच्या हातांकडे मी पाहू शकलो नाही. परत येताना वारा पाठीशी होता, तरी सायकल जड झाली होती.

नायस्मिथांचे पुढचे आयुष्य मी त्यानंतरच नीट वाचले. १८९८ साली ते कॅन्सास विद्यापीठात गेले. तेथे नऊ वर्षे त्यांनी संघाला मार्गदर्शन केले. ५५ सामने जिंकले, ६० हरले. त्या विद्यापीठाच्या मार्गदर्शकांत ज्यांचे पराभव विजयांहून अधिक, असे हे एकटेच, आणि खेळ त्यांनीच निर्माण केलेला! त्यांचा शिष्य फॉग ॲलन मार्गदर्शक व्हावयास निघाला, तेव्हा हा खेळ शिकविण्याचा नव्हे, नुसता खेळण्याचा आहे, अशा अर्थाचे ते बोलल्याचे सांगतात. ॲलन ऐकले नाहीत. त्यांनी कॅन्सासला ५९० विजय मिळवून दिले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रवेश झाला, त्यामागे ॲलन यांचे मोठे प्रयत्न होते. वृद्ध गुरूला तेथे पाठविण्यासाठी मार्गदर्शकांनी वर्गणी जमविली. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानावर झाला आणि पाऊस कोसळला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरविले. दोन्ही संघ फेकत आणि झेलतच खेळले. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या आमच्या मंडळाच्या पथकाने हुतूतूची प्रात्यक्षिके दाखविली होती. त्यांच्यापैकी कोणी तो चिखल पाहिला असेल काय, असे मला नेहमी वाटत आले आहे.

तो मुलगा महाविद्यालयात परतला नाही. वडील गेले, शेत आणि दोन बहिणी त्याच्यावर आल्या. १९७४ च्या उन्हाळ्यात एका पहाटे दारात बैलगाडी थांबली. तीत काठोकाठ मुरूम भरला होता. रात्रभर गाडी हाकीत तो आला होता. आम्ही दोघांनी मिळून मुरूम पसरला, पाणी मारले आणि तो उन्हे चढेपर्यंत धुम्मसाने चोपत राहिला. मग त्याने चेंडू मागितला. तो एकदा आपटला. चेंडू गुडघ्यापर्यंत उसळला. त्याने तो उचलला, कड्याकडे टाकला आणि विचारले, “सर, ह्या वर्षी मध्ये कोण खेळतो?”

वही त्या वेळी माझ्या काखेत होती. ती मी उघडली नाही. ते पान अजून तसेच आहे, आणि तांबडी शाई फिकट झालेली नाही.