लाल पाखराचं, गुलाबी भुंग्याचं

मॅथर, कॅलिफोर्निया

प्रिय आई,

योसेमिटीच्या वेशीवर, सिएरा नेव्हाडाच्या पश्चिम उतारावर मॅथर नावाचं चिमुकलं ठिकाण आहे. जवळूनच टुओलोमी नदीचा दक्षिण फाटा वाहतो. या भागातल्या ओल्या काठांवर मिम्युलस नावाच्या रानफुलाच्या दोन जाती आढळतात. लुईसी फिकी गुलाबी, ऐसपैस पाकळ्यांची. कार्डिनॅलिस लालभडक; तिची नळी अरुंद, पाकळ्या मागे मुडपलेल्या.

दोघी इतक्या जवळच्या नात्यातल्या, की काचघरात एकीचे पराग हातानं दुसरीवर लावले तर सहज बी धरतं. त्या बियांची रोपं जोमदार वाढतात, फुलतात. रानात मात्र असा संकर औषधालाही मिळणं कठीण!

पहिलं कुंपण उंचीचं. कार्डिनॅलिस साधारण २००० मीटरच्या खाली, लुईसी १६०० मीटरच्या वर. पण मधल्या पट्ट्यात त्या एकाच काठावर फुलतात. तिथे राखण कोण करतं?

नदीकाठ, सकाळ

लुईसीवर येते बंबलबी, म्हणजे गुबगुबीत, केसाळ भुंगाच समज. रुंद खालची पाकळी तिला उतरायला धक्क्यासारखी. आत पिवळ्या खुणा वाट दाखवतात आणि मधुरस थोडकाच असतो. लाल रंग मधमाश्यांच्या कुळाला नीटसा दिसत नाही, त्यामुळे शेजारची कार्डिनॅलिस तिच्या खिजगणतीत नसते.

कार्डिनॅलिसकडे येतो हमिंगबर्ड. आपल्याकडचा शिंजीर बहुधा फांदीवर टेकून मध पितो. हा हवेतच थबकतो, त्याला बसायला जागा लागत नाही. नळीत भरपूर रस असतो आणि बाहेर डोकावणारे पुंकेसर त्याच्या कपाळाला पराग फासतात. गिऱ्हाइकंच वेगळी, त्यामुळे परागांची सरमिसळ होत नाही. डग्लस शेम्स्की, टोबी ब्रॅडशॉ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दुरावा मोजला, तेव्हा तो सुमारे ९७ टक्के भरला.

टुओलोमी मेडोज

शेम्स्की-ब्रॅडशॉ या जोडगोळीनंच २००३ मध्ये रंगांचीच अदलाबदल करून पाहिली. पाकळीत पिवळं द्रव्य साठू द्यायचं की नाही, हे 'यप' नावाचा जनुकीय भाग ठरवतो. कार्डिनॅलिसचा तेवढाच भाग लुईसीत आणला, तर फूल पिवळट नारिंगी झालं आणि हमिंगबर्डच्या फेऱ्या ६८ पटींनी वाढल्या. उलट अदलाबदलीत कार्डिनॅलिस गडद गुलाबी झाली; तिच्यावरच्या बंबलबीच्या फेऱ्या ७४ पटींनी वाढल्या. आकार, रस, बाकी सारं जवळपास होतं तसंच.

पुढे वासाचाही हात दिसला. लुईसीच्या गंधातलं ओसिमीन हे द्रव्य जनुकीय फेरफारानं घालवलं, तेव्हा बंबलबीच्या फेऱ्या थोड्या घटल्या.

उद्या गाडी टायोगा खिंडीकडे, ३००० मीटरवर. बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
छोटी